अँटेनाची टोपी

आमच्या क्लबात एक टोपी आहे. जुनी हिरवी क्रिकेटची टोपी, मधोमध भोक पाडून त्यात हातभर अँटेना उभी केलेली आणि हनुवटीखाली अडकवायला इलॅस्टिक. चहाच्या शेडमध्ये ती खिळ्याला लटकलेली असते. गाडी आपटल्यावर जो कोणी "सिग्नल गेला" म्हणेल, त्यानं चहा संपेपर्यंत ती घालून बसायचं. रिमोटच्या गाड्या पळवणाऱ्यांची जातच अशी, की आपल्या हातून चूक झाली असं म्हणताना जीभ जड होते. सगळ्यांचे हात सोन्याचे, सिग्नल तेवढा नालायक.

ही टोपी माझ्या नवऱ्यानं केली, डेसनं. आमच्या अल्व्हरस्टन गावच्या जत्रेच्या मैदानामागे आम्ही मातीचा ट्रॅक केला त्याच वर्षी. तेव्हापासून ती जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यावर बसली, पाद्रीबुवांच्यासुद्धा, पण डेसच्या कधी बसली नाही. गाडी उलटली की तो, गाड्या चालवायला ज्यावर उभं राहतात त्या मचाणावरूनच म्हणायचा, "माझं चुकलं." एवढंच, आणि पुढची शर्यत. त्याच्या या गुणावर मी भाळले होते असं मी पोरींना सांगते. खरं म्हणजे त्याच्या हातांवर भाळले होते. मी शिवणकाम करणारी, पण बारीक सुईत दोरा ओवायला मी त्याला हाक मारायचे.

त्या रविवारी मी पलीकडच्या टोकाला निलगिरीखालच्या वळणावर उभी होते. तिथं उभं राहणाऱ्याचं काम एकच, उलटलेली गाडी उचलून चाकांवर ठेवायची. जागा सोडायची नाही, दुरुस्ती करायची नाही, कुणाला ओरडून काही सांगायचं नाही. डेस समोर मचाणावर इतरांबरोबर, डाव्या हातात रिमोट धरून, उजव्या हातानं त्याचं चक्र फिरवत. त्याची पिवळी गाडी पहिल्या फेरीला माझ्या वळणावर आली आणि ट्रॅकच्या कडेला टाकलेल्या पाइपावर आदळली. मी ती उचलून ठेवली. दुसऱ्या फेरीलाही आदळली. तिसऱ्या वेळी मी खाली वाकून बघत राहिले. पुढची चाकं डावी-उजवी, डावी-उजवी अशी थरथरत येत होती.

आता सिग्नल तुटला तर गाडी अशी करत नाही. ती आपोआप ब्रेक लावून गप्प उभी राहते. नव्या माणसाची गाडी आली की डेस पहिल्यांदा तेवढी सोय लावून देतो, मग नाव विचारतो. मलाही त्यानंच शिकवलं. ही गाडी थांबत नव्हती. कोणीतरी ती थरथर कापत चालवत होतं.

डेसच्या वडिलांचे हात असेच गेले होते. आधी सही, मग दाढी, शेवटी चमचा. शेवटची दोन वर्षं त्यांना मीच भरवलं. ईस्टरपासून मी डेसच्या मागे लागले होते, डॉक्टरला दाखव म्हणून. आणि तो म्हणायचा, "एवढा मोसम संपू दे."

शर्यत संपली. तो शेडमध्ये आला, गाडी टेबलावर ठेवली आणि कुणाकडे न बघता म्हणाला, "सिग्नल जातोय."

मी खिळ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं असणार. टोपी जागेवर होती, पण कुणी उठलं नाही. क्लबाचा अध्यक्ष बार्न्सी, ज्याला दुसऱ्याची फजिती म्हणजे पक्वान्न, तो किटलीत डोकं घालून म्हणाला, "होतं रे असं. चहा घे. शिंपल्यांच्या पॅटिस गरम आहेत." मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्यानं डेसला चिडवायला हवं होतं. सगळ्यांनी मिळून त्याचा पिच्छा पुरवायला हवा होता. इतकं जपून बोलतात ते आजारी माणसाशी.

डेसनं गाडीचा टप काढला. वाकून बघितलं, चष्मा वर केला, पुन्हा बघितलं. मग असा हसला, की मला त्याचा पंचविशीतला चेहरा आठवला.

"आयलीन, इकडे ये. हे बघ."

रिसीव्हरमधून निघणारी अँटेनाची बारीक काळी तार टपाखाली चेपली होती, आणि तिचं टोक तुटलेलं. खरा सिग्नल पकडतं ते टोकाचं उघडं पेरभर. तेच नव्हतं. तार उभी धरणाऱ्या नळीच्या तोंडाशी नुसता झिजलेला तुकडा उरला होता.

"अख्खं पेर गेलंय," डेस शेडभर सांगत सुटला. "गाडी उलटली असेल तेव्हा घासलं. आणि तुम्ही सगळे मला काय समजत होता?"

"आम्ही कुठं काय म्हणालो?" बार्न्सी म्हणाला.

"तेच तर. थोबाडं बघा एकेकाची. मयताला आल्यासारखी."

सगळे हसले. मी तर इतकी हसले की चहा सांडला. त्या तुटक्या तारेचा मला मुका घ्यावासा वाटला. अर्धवट सिग्नलनं चाकं थरथरत असतील, आपल्याला काय कळतंय त्यातलं, असं मी स्वतःला बजावलं. डेसनं माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "नवा रिसीव्हर टाकतो. त्यावरही गाडी अशीच पळाली, तर तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. झालं समाधान?"

"झालं," मी म्हणाले.

बार्न्सीनं आपल्या डब्यातला कोरा रिसीव्हर काढला. डेस म्हणाला, "तूच बसव, माझा वाचायचा चष्मा घरी राहिलाय." चष्मा त्याच्या कपाळावर होता. बार्न्सीनं तो बघितला आणि मुकाट्यानं स्क्रू-ड्रायव्हर घेतला. तार नळीतून नीट वर ओवली, टोक सरळ ठेवलं, रिमोटशी जोडणी केली. रिसीव्हरचा लाल दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला. मग गाडी हातात घेऊन तो पार निलगिरीपर्यंत चालत गेला आणि तिथून त्यानं अंगठा दाखवला. सिग्नल अगदी खणखणीत होता.

चहाची सुट्टी होती, ट्रॅक रिकामा होता. डेस मचाणावर चढला, मी त्याच्या शेजारी उभी राहिले. गाडी सुटली. सरळ पट्टा बरा गेला. पहिलं वळण बरं गेलं. निलगिरीखाली चक्र हलकंच धरून ठेवायचं असतं, तिथं त्याचा उजवा हात हलायला लागला आणि लांबवर ती पिवळी गाडी त्याच लयीत हलायला लागली. त्यानं उजवं कोपर बरगडीशी दाबून धरलं. गाडी पाइपावर आदळली.

मी काहीच करू शकत नव्हते. हात धरावा तर तो झिडकारणार. बार्न्सीनं गाडी उचलून चाकांवर ठेवली आणि आमच्याकडे न बघता बुटांवरची माती बघत उभा राहिला.

"हाही रिसीव्हर खराब असेल," डेस म्हणाला. आवाज त्याचा वाटतच नव्हता. मग त्यानं रिमोट माझ्या हातात दिला. "तू चालव."

"मला कुठं येतं? मी मैदानातल्या कोंबड्यांच्या खुराड्यात घालते गाडी, तूच म्हणतोस."

"चालव, आयलीन."

मी चालवली. देवाशपथ सांगते, मला ती वेडीवाकडी जायला हवी होती. एरवी माझ्या हातात गाडी दोन वळणं टिकत नाही. आणि त्या दिवशी ती रुळावरून जावी तशी गेली. निलगिरीखालून वळताना एक चाकसुद्धा हललं नाही. डेस कठड्याला धरून बघत होता. एक फेरी झाली. दुसरी सुरू झाली. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. निलगिरीचं वळण पुन्हा आलं आणि मी चक्र गर्रकन फिरवलं. गाडी पाइपावर आदळून उलटी झाली, चाकं हवेत फिरत राहिली.

"सिग्नल गेला," मी म्हणाले.

डेसनं माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. चाळीस वर्षांत मला त्याच्याशी खोटं बोलणं कधी जमलेलं नाही. तो मचाणावरून सावकाश उतरला आणि शेडमध्ये गेला. मी मागोमाग गेले. त्यानं खिळ्यावरची टोपी काढली, तिच्यावरची धूळ मांडीवर झटकली आणि माझ्या डोक्यावर ठेवली.

"नियम म्हणजे नियम," तो म्हणाला.

मग तो इलॅस्टिक माझ्या हनुवटीखाली अडकवायला लागला. एक आकडा आणि एक कडी, पोरंसुद्धा लावतात. आकडा कडीला लागायचा आणि सुटायचा. त्याची बोटं माझ्या गळ्याशी थरथरत होती. माझे दोन्ही हात मोकळे होते, पण मी ते वर नेले नाहीत. शेडमधले सगळे चहात बघत होते. शेवटी आकडा बसला, पण त्यानं बोटं तिथून काढली नाहीत.

"उद्या डॉक्टरला फोन तूच लाव," तो म्हणाला. "माझ्याकडून आकडे चुकतात. दोनदा लावून बघितला."

मी हो म्हणाले. बार्न्सीनं आम्हा दोघांना चहा आणून दिला, डेसचा कप अर्धाच भरला होता. चहा संपेपर्यंत मी ती टोपी काढली नाही.