नववी बरणी

मित्रांनो, मी एक जुना वाफेचा ओव्हन आहे. माझ्या पोटात जाळ नसतो. टाकीतल्या पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेत काचेच्या बरण्या तापतात. फळे असोत, भाज्या असोत, एका वेळी नऊ बरण्या माझ्यात मावतात.

मी आधी एका हॉटेलात होतो. ते बंद पडल्यावर एका वायरमनने मला घरी आणले. त्याची आई म्हणाली, "घर आहे की भंगारखाना?" पण महिन्याभरात तीच माझी मालकीण झाली. गाजर, घेवडा, पीच, जे मिळेल ते सासू-सून बरण्यांत भरत. शेजारणी फळीवरच्या रांगा बघून तोंडात बोट घालत.

मग एके दिवशी वायरमन विजेच्या खांबावरून पडला आणि गेला.

घरात कुणी मोठ्याने रडले नाही. चहा होई, कपात ओतला जाई, गार होई. माझ्यावर रद्दी साचली. मलाही काही वाटत नव्हते. मी नुसता होतो.

मागच्या अंगणातले आलुबुखाराचे झाड मात्र वेळेवर लगडले. फळे खाली पडून सडू लागली.

"पडू देत," सासूबाई म्हणाल्या. "खाणारा गेला."

दुपारी सूनबाईने बादलीभर फळे आणली, बिया काढल्या, बरण्या भरल्या, वरून साखरेचे पाणी ओतले. रद्दी उचलून मला सुरू केले. मी दोनदा घुसमटलो आणि बंद पडलो. क्षार साचून माझी नळी बुजली होती. ती माझ्या दारावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, "टाकीत व्हिनेगर घाल. तासभर राहू दे. तो तसंच करायचा."

तीन महिन्यांत त्या घरात 'तो' हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला. दोघींनी एकमेकींकडे पाहिले नाही.

संध्याकाळी बरण्या ओट्यावर निवत होत्या. झाकणे एकेक करून टक आवाज करत आत बसली. आठ बसली. नववे अंगठ्याने दाबले तरी वर येई.

"आता हिचं काय?" सासूबाईंनी विचारले.

"ही टिकायची नाही, आई. आजच संपवावी लागेल."

सूनबाईने दोन चमचे काढले. दोघी ओट्याशी उभ्या राहूनच खाऊ लागल्या. अर्धी बरणी संपली.

"साखर कमी पडली गं."

"हो."

"पुढच्या वर्षी जरा जास्त घाल."

मित्रांनो, माझ्यासारख्यांची टाकी वेळच्या वेळी धुवा, एवढेच माझे मागणे. आणि एखाद्या बरणीचे झाकण बसले नाही, तर ती फेकू नका. त्याच दिवशी उघडा, आणि दोन चमचे घ्या.