मंजूर नमुना

चिखलात इमारतीचा एकच कोपरा उभा होता, दोन मजले उंच. भिंत खरी, खिडकी खरी, मागे मात्र नुसते टेकू. साइटवर त्याला नमुना म्हणत. साहेबांनी येऊन बघायचा, पास करायचा, मग पाडायचा. असल्या नमुन्यांचे फोटो काढणं हा फोटोवाल्याचा धंदा.

"नमुने शोधत गावभर फिरतोस," आई म्हणायची, "घरात आरसा नाही का?"

शेजारीच सांगाडा चढत असलेल्या खऱ्या इमारतीत चौथ्या मजल्यावर त्यानं आईसाठी घर घेतलं होतं. गुडघे गेलेली बाई, सगळा दिवस खुर्चीत. जुन्या खिडकीतून शेजारची भिंत दिसायची. "तिचा पोपडा न् पोपडा पाठ झालाय. मला चालती-बोलती माणसं दाखव," एवढंच तिचं मागणं.

फोटो काढायला तो उकिडवा बसला, तर काचेत त्याचंच थोबाड. त्यानं काचेवर तेवढ्या उंचीला वीतभर रुंद काळी चिकटपट्टी आडवी मारली. नंतर संगणकावर पुसू म्हणाला. पण ऑफिसातून फोनवर फोन आले आणि गडबडीत न पुसलेलाच फोटो गेला.

साहेब, म्हणजे आर्किटेक्ट, नमुना बघायला आलेच नाहीत. चिखल होता, बूट नवे होते. त्यांनी फोटोवरच सही ठोकली: 'मंजूर. हुबेहूब असेच.' दुसऱ्या दिवशी नमुना भुईसपाट.

दोन महिन्यांनी फोटोवाला पुन्हा गेला. दुसऱ्या मजल्यापर्यंत काचा बसल्या होत्या आणि प्रत्येक काचेत काळा पट्टा. चिकटवलेला नव्हे, भट्टीत भाजलेला.

"हे काय?"

साइट इंजिनिअरनं मंजूर फोटो त्याच्या नाकासमोर धरला. "तुमचाच ना?"

"अहो, ती चिकटपट्टी आहे!"

"असेल. खाली सही आहे."

"तुम्हाला विचित्र नाही वाटलं?"

"वाटलं की. पण वाटण्याचा पगार मिळत नाही मला."

फोटोवाला पट्ट्यासमोर उकिडवा बसला. खुर्चीतल्या माणसाचे डोळे बरोबर इथेच येतात. चौथ्या मजल्याच्या काचा अजून यायच्या होत्या. काम जाईल हे ठाऊक असूनही तो तडक साहेबांकडे गेला.

"साहेब, चूक माझी. पट्टा मी मारला. माझं तोंड दिसत होतं."

साहेब मायेनं हसले. या पट्ट्यावर ते परवाच कुठल्याशा परिषदेत पाऊण तास बोलले होते. माणूस आणि रस्ता यांच्यातला विराम, असं काहीतरी.

"तुमचा फोटो छान आहे," ते म्हणाले, "पण दुसऱ्याच्या कल्पनेचं श्रेय असं लाटू नये."

"श्रेय नाही हो, दोष घेतोय!"

"तेच ते."

काम गेलं नाही. उलट पुढचे तीन नमुने त्यालाच मिळाले.

नव्या घरात आईची खुर्ची खिडकीशी लावली. मग तिनं काचेवर नख घासलं.

"निघत नाही रे. मागे काय आहे?"

"रस्ता."

"आणि हे पुढे?"

त्यानं मान खाली घातली. "मी."

सगळं ऐकून ती इतकी हसली की ठसका लागला. "नमुना कुठला! उशा आण."

एका उशीनं भागलं नाही. दुसरी घातल्यावर डोळे पट्ट्याच्या वर आले, पाय मात्र जमिनीवरून उचलले गेले. अधांतरी पाय हलवत ती रस्ता बघू लागली.

"माझा फोटो काढ," ती म्हणाली. "आणि हा तरी धाडण्याआधी पट्टा पूस."