खोबरेलात थिजलेला पिस्टन

मी पिस्टन बोलतोय. ट्रम्पेटवर बोटांखाली तीन बटणं असतात ना, त्यांतल्या मधल्या बटणाखालचा. माझ्या अंगावर दोनचा आकडा कोरलाय. एका जागी बसणं मला जमत नाही. खाली जायचं आणि लगेच वर यायचं, त्यासाठीच मला घडवलंय.

सांगलीच्या एका बँडमध्ये नानासोंनी मला अठरा वर्षं वाजवलं. दर रविवारी ते आम्हा तिघांना फिरवून बाहेर काढत, कोमट पाण्याने धूत, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसत आणि पातळ तेलाचे दोनच थेंब सोडत. पुढचे दात पडले, तशी त्यांची फुंक निसटू लागली. मग ट्रम्पेट त्यांच्या मुलीकडे, क्रांतीकडे आलं.

बँडमालक कृष्णात तिला घ्यायला तयार नव्हते. शेवटी म्हणाले, म्हसवडच्या यात्रेत रथापुढे एकदा वाजवू दे, अडखळली तर पुन्हा नाव काढायचं नाही.

आदल्या संध्याकाळी तिने आम्हाला लख्ख धुतलं. पण पातळ तेलाची बाटली रिकामी होती. वडिलांना विचारायचा तिला संकोच वाटला. तिने वेणीला लावायचं खोबरेल तेलच आम्हाला चोपडलं.

म्हसवडला सकाळी कडाक्याची थंडी. तेल थिजलं. क्रांतीने मला दाबलं, मी खाली गेलो आणि तिथेच अडकलो. वर यायला किती धडपडलो! रथ हलायची वेळ झाली होती.

"काय गं, बोट गारठलं व्हय?" कृष्णात म्हणाले. "तवाच म्हनलं न्हवतं का?"

तिने ट्रम्पेट सोबत आलेल्या वडिलांपुढे धरलं. नानासोंनी हात मागे घेतले.

"बाजा तुझा हाय. तूच खोल."

तिने चहावाल्याकडून गरम पाणी आणलं. खाली बसून आम्हाला काढलं, धुतलं, ओढणीने पुसलं. आता तेल कुठून आणायचं?

"थुकी लाव," नानासो हळूच म्हणाले. "आमी बी लावायचो."

तिने लाजून सगळ्यांकडे पाठ केली, थुंकी लावली, आकडे बघून आम्हाला जागच्या जागी बसवलं. दाबताच मी उसळून वर आलो.

त्या दिवशी ती कुठेच अडखळली नाही. परतताना टेम्पोत कृष्णात एवढंच बोलले, "फुडच्या सुपारीला पोरीलाबी बँडचा निळा कोट शिवा."

कोट शिवून आलाय. पण रथावरचा गुलाल अजून माझ्या अंगात खरखरतोय. क्रांतीची परीक्षा चालू आहे. वाचता वाचता ती टेबलावर तीन बोटं नाचवते. पेटीत मला ते ऐकू येतं आणि चैन पडत नाही.

क्रांती, दोन रविवार गेले. फडकं अंथर, मला बाहेर काढ. आणि वेणीचं तेल वेणीलाच राहू दे.