ब्रेकाची किंमत

त्या वर्षी बोंडअळीनं तालुक्यातली कपाशी पोखरली होती, पण यवतमाळच्या दवाखान्यात नर्स असलेल्या अंजूनं नवी गाडी घेतली. तिचे वडील रामधन तांड्यावरून नेरपर्यंत जुन्या जीपनं प्रवासी न्यायचे. किंमत ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला.

"एवढ्यात दोन जीपा आल्या असत्या! हिले का सोनं मढवलं हाय?"

"चालवून त पाहा, बा."

रविवारी लोहाऱ्याला साखरपुडा होता. रामधन चालवायला बसले, अंजू शेजारी, आई चंदाबाई मागे. निघताच गाडी टुंगटुंग वाजायला लागली.

"पट्टा लावा, बा."

"माह्या जीपीले दारं नाहीत, अन् इथं पट्टा? हे गाडी हाय का सासू?"

"माही सासू परवडली," चंदाबाई म्हणाली. "ते निदान दम त खाये."

अंजूनं एसी लावला, पडद्यावर गाणं सुरू केलं. "हवा त माह्या जीपीत फुकट हाय," रामधन पुटपुटले.

पुढच्या वळणावर कपाशीतून एक रोही, नीलगाईचा दांडगा नर, उडी मारून थेट समोर आला. रामधननी करकचून ब्रेक दाबला. पायाखाली तो असा थरथरला की काहीतरी तुटलं, असंच त्यांना वाटलं. पण चाकं घसरली नाहीत. स्टिअरिंग फिरवलं तशी गाडी वळली आणि रोह्याच्या बाजूनं निघून रस्त्याकडेला थांबली. रोही टणाटण उड्या मारत पसार झाला.

"जीप असती त?" चंदाबाईनं विचारलं.

"पलटी झाली असती."

अंजूला हसू आवरेना. "मंग? किंमत वसूल ना?"

"ब्रेकाची वसूल. गाण्याची नाही." त्यांनी ब्रेकवर पुन्हा पाय दाबून पाहिला. "पण असा ब्रेक गरिबाच्या गाडीले काहून नाही? रोही का किंमत इचारून आडवा येते?"

दुसऱ्या दिवशी ते नेरला मिस्त्री धनसिंगकडे गेले. तसा, चाकं जाम होऊ न देणारा ब्रेक जुन्या जीपला बसत नाही, असं त्यानं सांगितलं. मग रामधननी आहेत तेच ब्रेक नीट करून घेतले, गुळगुळीत टायर बदलले आणि मागची, लोक उभे राहायचे ती पायरी कापून टाकली.

"आता आमी लटकावं कुठं?" प्रवासी कुरकुरले.

"लटकूच नका. मी दुसरी फेरी मारतो."

काही जण रागानं दुसऱ्या जीपकडे गेले. पण पोरांना नेरच्या शाळेत धाडणाऱ्या तांड्यातल्या बाया रामधनचीच वाट पाहू लागल्या. दिवाळीपर्यंत दुसरी फेरीही भरून जायला लागली.