स्केलबाहेरची बाई

कवळीवाल्यांनी सकाळी स्वतःला कापसात गुंडाळलं, गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवलं आणि डबी कोटाच्या आतल्या खिशात घातली. मग दाढी केली.

डबीतले कवळीवाले अंगठ्याच्या पेराएवढे होते आणि बाहेरच्यापेक्षा बरे दिसत होते. पोक नव्हतं, डोक्यावर टोपी होती. उभा जन्म लोकांच्या कवळ्या करण्यात गेलेला, त्यामुळे हिरड्यांसाठी वापरतात त्या गुलाबी प्लास्टिकपलीकडे त्यांना दुसरं साहित्य ठाऊक नव्हतं. चेहऱ्यावर तेज आपोआपच आलं होतं.

बायको आधीच पुढे गेली होती. म्हणजे दोन्ही अर्थांनी. एक तर ती गेल्या थंडीत वारली. आणि दुसरं, मेव्हण्याच्या खेळण्यातल्या आगगाडीच्या फलाटावर ती कित्येक वर्षं उभीच होती.

मेव्हण्याने लग्न केलं नव्हतं. लोक कुत्रा पाळतात तशी त्याने घरातल्या सगळ्यात मोठ्या खोलीत आगगाडी पाळली होती. डोंगर, बोगदा, स्टेशन, सगळं जागच्या जागी. फक्त माणसं नव्हती. "भाऊजी, तुमच्याकडे एवढं प्लास्टिक उरतं, थोडी प्रजा द्या की," तो म्हणाला, आणि भाऊजींनी दिली. सगळी हिरडीच्या रंगाची. गाव खातंपितं दिसू लागलं.

त्यातली पहिली बाई बायकोच्या चेहऱ्याची होती. बायकोने ती चष्मा पुसून पाहिली. "एवढीशी? मी काय जिरं आहे?" मग त्यांनी दुसरी केली, चांगली ठळक, फलाटावरच्या हमालाच्या दुप्पट. सुईच्या टोकाने तोंडात पांढरा ठिपकाही दिला, कारण दातांशिवाय माणूस दुकानाबाहेर सोडायचा नाही हा त्यांचा नियम होता.

"आता कशी माणसात आले," बायको म्हणाली. "आणि तुम्ही कुठे?"

"तू पुढे हो, आलोच."

हा 'आलोच' त्यांच्या घरात रबरासारखा ताणला जायचा. लग्नकार्य असो की मुलीच्या शाळेतला समारंभ, ती पुढे होऊन उभी राहायची आणि हे हातातली कवळी घासून, चकचकीत करून मागून पोचायचे. हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा एका गिऱ्हाइकाचा वरचा जबडा साच्यात होता. "आलोच," ते म्हणाले. जबडा अगदी फिट बसला.

पुढे मेव्हणाही बहिणीच्या मागोमाग गेला आणि त्याचं ते गाव, डोंगरासकट, छोट्या आगगाड्यांच्या क्लबाने उचलून नेलं. आज क्लबाचं मोठं प्रदर्शन होतं. तिथल्या फलाटावर बायकोच्या शेजारी उभं राहायचं, कवळीवाल्यांचं एवढंच काम होतं.

गाडी लेक चालवत होती. "बाबा, सारखं काय चाचपताय?"

त्यांनी डबी उघडून दाखवली.

"हे तुम्ही? टोपी कधीपासून घालायला लागलात?"

"केस करत बसायला वेळ कुणाला आहे?"

ती हसली. मग तिने समोरच्या काचेचे वायपर सुरू केले. पाऊस नव्हता.

प्रदर्शनाच्या दालनात तेलाचा आणि जुन्या कोटांचा वास कोंडला होता. प्रौढ माणसं शिट्ट्या फुंकत होती आणि पोरांना हात लावू नका म्हणून दटावत होती. टेबलावरच्या गाड्याही उशिरा धावत होत्या आणि त्याबद्दल खऱ्याखुऱ्या भोंग्यातून दिलगिरी व्यक्त होत होती. लेक चहाच्या रांगेत गेली. कवळीवाल्यांनी डोंगर ओळखला.

फलाट मात्र ओळखू येईना. गुलाबी प्रजा गायब. जागोजागी विकतची, फिकट, वेळेवर ऑफिसला जाणारी माणसं. बायकोच्या जागी कचरापेटी होती.

शेजारी क्लबाचा एक गृहस्थ लोखंडी पट्टीने झाडं मोजत होता. कवळीवाल्यांनी मनातल्या मनात त्याचं नाव फूटपट्टी ठेवलं.

"इथे एक बाई होती," ते म्हणाले. "बाकाजवळ. जराशी मोठी."

"जराशी? अहो, स्केलबाहेर होती ती! डब्यात चढली असती तर छपरातून डोकं बाहेर."

"चढणार नव्हती. वाट बघत होती."

"कुणाची?"

कवळीवाल्यांनी कचरापेटीकडे बोट दाखवलं. "टाकून दिलीत?"

"छे! इकडे आणताना डोंगर खचला, बोगद्याचं छत खाली आलं. काड्या लावल्या, मोडल्या. खिळे लावले, वाकले. शेवटी ही बाई लावली टेकू म्हणून. काय माल आहे हो! तेव्हापासून डोंगर तसूभर हललेला नाही. कशाची आहे देव जाणे."

"कवळीची."

फूटपट्टीचा हात आपसूक स्वतःच्या जबड्याकडे गेला. त्याने मुकाट्याने बॅटरी पुढे केली.

कवळीवाले गुडघे टेकून बोगद्यात डोकावले. आत धूळ, तेलाचे डाग, आणि भिंतीला पाठ लावून, अख्खा डोंगर डोक्यावर घेऊन ती. उजेड पडताच पांढरा ठिपका चमकला. जिवंत असताना अंधाराला भ्यायची; न्हाणीघरातला दिवा रात्रभर चालू ठेवायला लावायची. एक मालगाडी तिच्या अंगाला घासून गेली. ती हलली नाही.

"काढता येईल?"

"काढा की. डोंगर खाली येईल. वर मेंढ्या आहेत, तेवढ्या आधी उचलू."

कवळीवाल्यांनी मेंढ्यांकडे पाहिलं. निवांत चरत होत्या. घरातही असंच होतं. डोंगर कशावर उभा आहे हे बघायला ते आजवर कधी वाकले नव्हते.

"आणखी एक टेकू चालेल?" त्यांनी डबी उघडली.

फूटपट्टीने पट्टी लावली. "हाही स्केलबाहेर."

"बोगद्यात कोण बघतंय?"

"तेही खरंच. आणि उजवी बाजू जरा कलतेच आहे."

अरुंद, अंधाऱ्या जागेत हात घालायची कवळीवाल्यांना सवय होती. तरी डबीतला माणूस छताखाली शिरेना. टोपी आड येत होती. त्यांनी खिशातली कानस काढून टोपी घासून टाकली. खाली टक्कल निघालं. आता ती ओळखेल, असं त्यांना वाटलं. तिच्या शेजारी मात्र जागा नव्हती. तिच्या समोरच्या भिंतीला चिकटवावं लागलं. मधून रूळ.

लेक चहा घेऊन आली. "भेटली आई?"

"भेटली."

"काय करतेय?"

"कामात आहे."

"मग तुम्हाला उभं राहू दिलं का तिथे?"

"दिलं. हाताखाली घेतलंय."

तिने बापाच्या गुडघ्यांवरची धूळ झटकली. फूटपट्टीने बॅटरी मागून घेतली आणि बोगद्यात पुन्हा अंधार झाला. आतून एक गाडी धडधडत गेली.

"चला बाबा. मी गाडी दारापाशी आणते."

"तू पुढे हो," कवळीवाले म्हणाले. पुढचा शब्द तोंडाशी आला होता. तो त्यांनी गार चहाबरोबर गिळला आणि कोटाची बटणं न लावताच तिच्यामागून निघाले.