तीन प्रार्थनांची टॉफी

माझी टॉफीची दुसरी कढईसुद्धा ओतून टाक, असं बाबा म्हणाले तेव्हा मी लाकडी डाव ओट्यावर आपटला. आपटणारच! दोन दिवस घशाला कोरड पडेपर्यंत प्रार्थना पाठ केली होती आणि यांनी नुसता रंग बघून तोंड फिरवलं. चाखायचीसुद्धा नाही म्हणजे काय?

बाबा म्हणजे माझे सासरे. पुढे आमचं टॉफीचं दुकान, मागे भट्टीची खोली. बाबांचे हात हल्ली इतके थरथरतात की जड कढई उतरवणं त्यांना जमत नाही. नवऱ्याने आधीच कानावर हात ठेवले होते, आणि त्याने दूध तापवायला ठेवलं तरी उतू जातं, तेव्हा बरंच झालं. बाबांनी जाहीर केलं होतं, "शनिवारपर्यंत सूनबाईला जमलं तर ठीक, नाहीतर दुकानाची पाटी उतरवायची." हे दुकान बंद पडलं तर बाबा महिनाभरात अंथरूण धरतील, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

अडचण होती ती वेळेची. उकळत्या साखरेत लोणी घातलं की असा फेस चढतो की खालचा रंग दिसतच नाही. म्हणून या घरात पिढ्यान्‌पिढ्या वेळ मोजतात ती चर्चमध्ये म्हणतात त्या प्रभूच्या प्रार्थनेने. लोणी घातल्यावर तीनदा म्हणायची आणि कढई उतरवायची. मी थर्मामीटरचं नाव काढलं तर बाबा म्हणाले, "त्याला चव कळते का?"

पहिल्या कढईला मी प्रार्थना माझ्या माहेरच्या भाषेत म्हटली. टॉफी काळपट झाली. बाबा म्हणाले, "तुमची भाषाच मेली लांबलचक." मला असा राग आला! आमच्याकडे शाळेला निघताना आई आम्हा चौघींना दारात उभं करून, हात धरून ती म्हणायला लावायची, तेही घाईघाईत, कारण शाळेची गाडी निघून जायची. तुम्ही रोजची भाकर मागता, आम्ही आजचं जेवण मागतो, पण मागतो त्याच बापाकडे ना? तरी मुकाट्याने सासूबाईंकडून यांच्या भाषेतली शिकले. आणि दुसरी कढईही तशीच काळपट!

"आता तुम्ही म्हणा," मी बाबांना म्हटलं. "मोठ्याने. मी फक्त ढवळते. बघू तरी माझं कुठे चुकतंय."

बाबा स्टुलावर बसले, डोळे मिटले. मी लोणी घातलं. ते सावकाश म्हणत होते, शब्द न्‌ शब्द स्पष्ट. आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. आणि तिथून एकदम, आम्हाला मोहात पडू देऊ नको.

म्हटलं, विसरले असतील, वय झालंय. पण दुसऱ्यांदाही तेच, तिसऱ्यांदाही तेच. कढई उतरवली तर टॉफी अगदी रोजच्यासारखी सोनेरी.

"बाबा, तुम्ही एक ओळ गाळता."

टेबलाशी सासूबाई टॉफ्यांना कागद गुंडाळत होत्या. त्यांचे हात थांबले.

"माहीत आहे मला," बाबा म्हणाले.

"आम्ही इतरांना क्षमा करतो, तशी तू आम्हाला कर. ही ओळ."

"माहीत आहे म्हटलं ना! मी नाही केली क्षमा. मग रोज देवापुढे उभं राहून खोटं कशाला बोलू?"

मग सगळं बाहेर आलं. त्यांचा धाकटा भाऊ, घरातलं नाव ढब्बू. आई आजारी पडली तेव्हा बाबांनी त्याला तीन निरोप धाडले. तो आला, पण तिला माती दिल्यावर चौथ्या दिवशी. कामातून सुटका झाली नाही म्हणाला. "आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती गं," बाबा म्हणाले आणि नाक ओढलं. त्याच आठवड्यात आईची कढई त्यांनी हातात घेतली आणि त्या दिवसापासून ती ओळ गेली. तीस वर्षं! मला त्यांची दया आली आणि चीडही. असला प्रामाणिक हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सासूबाई उठल्या. कपाटातून त्यांनी एक डबा काढला. माझ्या दुसऱ्या कढईतली टॉफी त्यांनी फेकलीच नव्हती.

"अहो, ही खाऊन बघा."

"जळकी?"

"खा म्हणते ना मी."

सासूबाईंच्या आवाजापुढे बाबांचं काही चालत नाही. त्यांनी एक काळपट तुकडा तोंडात टाकला. चघळला. मग चघळायचे थांबले. डोळे भरून आले आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"आईची आहे," ते म्हणाले.

"आहेच," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही साखर बदललीत, लोणी बदललंत, भट्टीसुद्धा नवी बांधलीत. तरी तिच्या टॉफीची ती जराशी कडसर चव येईना म्हणून इतकी वर्षं कुढत होतात. ती माउली पुरी प्रार्थना म्हणायची हो."

 

बाबांनी दुसरा तुकडा घेतला, तो हातातच धरून ठेवला. "कढई आजपासून तुझी," ते मला म्हणाले. "पुरी म्हणत जा, कुठल्याही भाषेत म्हण. मला अजून ती ओळ म्हणवत नाही."

"बरं बाबा."

ते उठले, भिंतीला धरत धरत पुढे दुकानात गेले. गल्ल्याशेजारच्या फोनवर नंबर फिरवला, तो दोनदा चुकला. मी मदतीला निघाले तर सासूबाईंनी माझा हात धरला. नंबर बाबांना पाठ होता, कुठेही बघावा लागला नाही.

"ढब्बूला द्या जरा," आम्हाला ऐकू आलं. "त्याला म्हणावं, दादा बोलतोय."