कोकिळेचे घट्टे

चोपन्न साली आंजीत आठ दिवसांचं श्रमदान शिबिर भरलं. मोठ्या सडकेपासून गावापर्यंत पोरापोरींनी मुरमाचा रस्ता करायचा होता. महादेवरावांची कोकिळा पहिल्याच दिवशी कुदळ घेऊन उभी राहिली, तेव्हा गावाने तोंडात बोटं घातली.

खरं सांगायचं तर तिला रस्त्याचं फारसं पडलं नव्हतं. शिबिर चालवणाऱ्या सुनीतीताईंनी तिला सुईणीचं काम शिकायला सेवाग्रामला बोलावलं होतं, आणि तिचा सगळा जीव तिकडे लागला होता. बापाने मात्र पाचर मारून ठेवली होती.

"रयवारी पाहुणे येऊन राह्यले. त्याहिले नाई पटली, तर जाजो."

म्हणजे नापसंत व्हायला हवं. पण व्हायचं कसं? पोरगी नाकीडोळी नीटस, तिथे इलाज नव्हता. मागच्या वर्षी शेजारच्या यशोदेचा हात चाचपून पाहुणीने तोंड वाकडं केलं होतं. हात खरखरीत, एवढ्यावरून ते स्थळ उठून गेलं. कोकिळेने ते बरोबर ध्यानात ठेवलं होतं.

सुनीतीताई कुदळीच्या दांड्याला गुंडाळायला चिंध्या वाटत. कोकिळा आपली चिंधी गुपचूप कमरेला खोचून टाकी. फोड आले, फुटले, आठवड्यात घट्टे पडले. हात आगीसारखे जळत, तरी पोरगी खुशीत होती.

रविवारी किसनराव आणि त्यांची बायको कमलाबाई यांची बैलांची दमणी नव्या रस्त्याने थेट दारात आली. पानाचं तबक ठेवून कोकिळेने मुद्दामच दोन्ही तळवे उघडे धरले. कमलाबाईंनी ते चाचपले.

"हे कायचे वं, बाई?"

"कुदळीचे. शिबिरातले," कोकिळा ठसक्यात म्हणाली.

कमलाबाई नवऱ्याकडे वळल्या. "पाह्यलं का? आतापोतर पाह्यल्या त्या साऱ्या लोण्याच्या होत्या. आपल्या वावराले असेच हात पाह्यजे."

"मंग फोडा सुपारी," किसनराव म्हणाले.

कोकिळेने हात पदराखाली ओढले, पण सुपारी फुटली होती. तिला रडूही येईना. आपल्याच हातांनी आपण दार लावून घेतलं, याचा नुसता संताप येत होता. बाहेर सुनीतीताईंची गाडी सामान भरून सेवाग्रामकडे निघाली होती.

पाहुण्यांना पोचवून बाप ओसरीवर परतला.

"बेस झालं," तो म्हणाला. "रस्ता बी तुह्याच हातचा. दिवाळीले त्याच्यावरूनच माहेरी येजो."